न फिरवल्यामुळे!

घोडा का अडला, पान का सडले आणि भाकरी का करपली, या तीन प्रश्नांचे एकच उत्तर मराठी घरातल्या पोराला मुळाक्षरे गिरवण्याच्या आधीच ठाऊक झालेले असते : न फिरवल्यामुळे! आजीबाईचे हे कोडे आज आम्ही अग्रलेखाच्या माथ्यावर बसवले आहे, त्याला तसेच कारण आहे. घोडा, पान आणि भाकरी यांच्या पंगतीला अलीकडे एक चौथी वस्तू येऊन बसली आहे. आपल्या बँका, आपला शेअर बाजार, इस्पितळे, परीक्षा मंडळे आणि सरकारी कचेऱ्या ज्यांच्या जिवावर चालतात, त्या संगणकांच्या ताफ्यातला राखीव सर्व्हर, ही ती चौथी वस्तू होय. तो विकत घेतलेला असतो, त्याचे उद्‌घाटन झालेले असते, त्याच्या देखभालीची बिलेही दरसाल नियमाने चुकती होत असतात. फक्त तो कधी फिरवलेला नसतो! मग ज्या दिवशी त्याची गरज पडते, नेमका त्याच दिवशी तो अडतो, आणि त्याचा भुर्दंड खिडकीपुढे ताटकळत उभ्या असलेल्या तुम्हाआम्हाला बसतो.

हे आम्ही हवेत बोलत नाही. २४ फेब्रुवारी २०२१ या बुधवारी याच मुंबईत काय घडले ते वाचकांनी आठवावे. सकाळी ११ वाजून ४० मिनिटांनी राष्ट्रीय शेअर बाजाराचे व्यवहार ठप्प झाले. एरवी दुपारी साडेतीनला बंद होणारा बाजार त्या दिवशी पावणेचारला पुन्हा उघडला आणि पाचपर्यंत चालवावा लागला. या बाजाराजवळ साधनांची वाण होती काय? मुळीच नव्हती. दोन वेगवेगळ्या दूरसंचार कंपन्यांकडून घेतलेले अनेक दुवे होते, पर्यायी स्थळे होती, राखीव यंत्रे होती. परंतु रस्त्यावरच्या खोदकामाने दोन्ही कंपन्यांचे दुवे एकाच दिवशी डळमळले. माहिती साठवणारी यंत्रणा हाताशी येईना. जोखमीवर नजर ठेवणारी यंत्रणा बंद पडली. आणि जोखमीचा हिशेब लागत नसताना बाजार चालू ठेवणे अशक्य झाले. दूरच्या पर्यायी स्थळी कारभार हलवावा, तर तोही हलवला गेला नाही. ज्यांचे सौदे अर्धवट उघडे होते, त्यांना चार तास केवळ पडद्याकडे पाहत बसावे लागले. दोन होते, चार होते. पण वेळेला एकही नव्हता!

हा प्रकार समजून घेण्यासाठी या यंत्रणेची मूळ कल्पना थोडक्यात सांगणे अवश्य आहे. एकच सर्व्हर असेल तर तो बंद पडताच कारभार बंद पडतो. म्हणून एकाच कामासाठी अनेक सर्व्हर ठेवायचे, त्यांच्यापुढे काम वाटून देणारा एक मुकादम बसवायचा आणि बाहेरच्या जगाला या साऱ्या समूहाचा एकच पत्ता सांगायचा. या मुकादमाला ‘लोड बॅलन्सर’ म्हणतात. तो येणाऱ्या प्रत्येक मागणीला कोणाकडे धाडायचे ते ठरवतो, आणि एखादा सर्व्हर आजारी पडला की त्याच्याकडे काम पाठवणे थांबवतो. १९९८ साली वेनसाँग झांग या चिनी संगणकतज्ज्ञाने लिनक्स प्रणालीसाठी अशी व्यवस्था उभी केली आणि ती सर्वांना विनामूल्य खुली केली. त्यानंतर एका लोखंडी यंत्राच्या पोटात अनेक आभासी सर्व्हर नांदवण्याची विद्याही सर्वत्र रूढ झाली. कल्पना उत्तमच आहे. तिच्याविषयी आमची यत्किंचितही तक्रार नाही. तक्रार आहे ती या कल्पनेच्या नावावर जी निश्चिंती विकली जाते आणि जी निश्चिंती डोळे मिटून विकत घेतली जाते, तिच्याविषयी.

पहिला भ्रम आकड्यांचा आहे. समजा, एक यंत्र वर्षाच्या ८,७६० तासांपैकी ९९ टक्के वेळ चालू राहते. म्हणजे ते वर्षाला सुमारे ८८ तास बंद असते. अशी दोन यंत्रे घेतली तर दोन्ही एकाच वेळी बंद असण्याचा काळ वर्षाला जेमतेम ५३ मिनिटे भरतो, असे गणित सांगते. विक्रेता हाच आकडा ठळक टाइपात छापतो. परंतु या गणितात एक अट लपलेली आहे : दोन्ही यंत्रांची दुखणी परस्परांपासून स्वतंत्र असली पाहिजेत. तसे नसेल, दोघांची वीज एकाच पेटीतून येत असेल, दोघांची वाट एकाच जोडयंत्रातून जात असेल आणि ते जोडयंत्र वर्षाला नऊ तास बंद पडत असेल, तर त्या ५३ मिनिटांना काय अर्थ उरला? आभासी सर्व्हरांच्या बाबतीत तर ही फसगत अधिकच सोपी आहे. कागदावर दोन डेटाबेस दिसतात, दोघांना दोन नावे असतात. पण दोघेही एकाच लोखंडी यंत्राच्या पोटात बसलेले असतात! ते एक यंत्र गेले की मालक आणि राखीव एकाच चितेवर चढतात. ही दोन भावंडे कधीही एका यंत्रावर ठेवू नयेत, असा नियम प्रणालीत घालून ठेवता येतो. पण तो घालावा लागतो, आणि पाळला जात आहे की नाही हे अधूनमधून पाहावेही लागते.

दुसरा भ्रम भाराचा आहे. दोन सर्व्हर प्रत्येकी ६० टक्के भार वाहत आहेत, सारे कसे छान चालले आहे, असे अहवालात लिहिले जाते. यातला एक गेला तर दुसऱ्यावर १२० टक्के भार पडेल आणि तोही तत्क्षणी जाईल, हा साधा त्रैराशिकाचा हिशेब कोणी मांडत नाही. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी मुंबईची वीज गेली, लोकलगाड्या जागच्या जागी उभ्या राहिल्या, तो प्रसंग मुंबईकर विसरलेले नाहीत. कळवा-पडघा येथील एका मंडलाची दुरुस्ती चालू होती, म्हणून सारा भार दुसऱ्यावर होता, आणि तो दुसराच गेला. अशा वेळी मुंबईला उर्वरित जाळ्यापासून अलग करून वाचवण्यासाठी जी योजना वर्षानुवर्षे सज्ज होती, तीही त्या दिवशी शहराला वाचवू शकली नाही. संगणकांचे जाळे आणि विजेचे जाळे यांचा धर्म या बाबतीत एकच आहे. दुरुस्तीसाठी एक हात बांधलेला असतानाच दुसऱ्या हातावर घाव बसतो!

भारात भर घालणारे आणखी एक कारण आहे. काम अडले की माणूस पुन्हा पुन्हा विचारतो, आणि यंत्रेही तेच करतात. १२ एप्रिल २०२५ रोजी यूपीआयची देवघेव देशभर रखडली, तेव्हा बँकांकडून ‘या व्यवहाराचे काय झाले?’ अशा चौकश्यांचा जो लोंढा आला, त्याखाली यंत्रणा दबली, असे नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनच्या तपासणीत आढळले. पैसे पाठवणाऱ्यांपेक्षा पैसे पोहोचले काय म्हणून विचारणाऱ्यांचीच गर्दी जास्त झाली! पुढे १ ऑगस्ट २०२५ पासून एका ॲपवरून खात्यातली शिल्लक दिवसात ५० पेक्षा अधिक वेळा पाहता येणार नाही, असे बंधन आले, त्यामागेही अनावश्यक भार कमी करण्याचाच विचार होता. सर्व्हर वाढवणे हा भारावरचा एक उपाय झाला. निरर्थक विचारणा रोखणे हा दुसरा, आणि पुष्कळदा अधिक शहाणपणाचा.

आता त्या मुकादमाकडे वळू. कोणता सर्व्हर धडधाकट आणि कोणता आजारी, हे तो कशावरून ओळखतो? बहुतेक ठिकाणी तो दर काही सेकंदांनी नुसती हाक मारतो आणि समोरून ‘ओ’ आली की समाधान पावतो. पण ‘ओ’ देणारा सर्व्हर काम करतोच असे नाही. रेल्वेच्या तिकीटघरात पाच खिडक्या आहेत आणि त्यांपैकी एका खिडकीतला कारकून ‘तिकीट संपले, पुढे व्हा’ एवढेच दोन शब्द बोलून माणसे वाटेला लावतो आहे, असे समजा. ज्या खिडकीपुढची रांग सर्वांत आखूड तिथे नवा माणूस पाठवायचा, असा नियम असेल तर काय होईल? त्याच खिडकीची रांग सदैव आखूड राहील आणि स्टेशनातले सारे उतारू तिथेच पाठवले जातील! बिघडलेला सर्व्हर चटकन ‘नाही’ म्हणतो आणि म्हणूनच मुकादमाचा लाडका ठरतो. सर्व यंत्रे चालू दिसत असूनही निम्म्या लोकांची कामे होत नाहीत, हे कोडे पुष्कळदा इथेच सुटते. उपाय एवढाच की, हाक मारून भागवू नये. सर्व्हरला लहानसे का होईना पण खरे काम सांगून पाहावे.

मात्र या उपायालाही मर्यादा आहे. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुक, व्हॉट्सॲप आणि इन्स्टाग्राम जगभर सुमारे सहा तास बंद होते. दुरुस्तीच्या वेळी दिलेल्या एका आज्ञेने त्या कंपनीच्या सर्व केंद्रांना जोडणारे अंतर्गत जाळेच तुटले. अशी घातक आज्ञा अडवणारी तपासणी होती, पण तिच्यातच दोष होता. मग काय झाले? जगाला कंपनीचा पत्ता सांगणारे सर्व्हर स्वतः सुखरूप होते. परंतु ‘केंद्राशी संपर्क होत नाही, त्याअर्थी मीच आजारी आहे’ असे निदान करून ते एकजात सारे बाजूला झाले! एक सर्व्हर आजारी दिसला तर त्याला बाजूला करावे हे बरोबर. पण सारेच्या सारे एकाच क्षणी आजारी दिसू लागले, तर रोग्यांवर नव्हे, वैद्यावर संशय घेतला पाहिजे. अशा वेळी कोणालाच न काढता सर्वांकडे काम पाठवत राहण्याची सोय मुकादमाला करून द्यावी लागते.

याहून भयंकर दुखणे दुहीचे आहे, आणि ते मराठी वाचकाला समजावून सांगण्याची गरजच नाही. १७०७ साली शाहू महाराज मोगलांच्या कैदेतून परतले आणि गादीचा वाद उभा राहिला; सातारा आणि कोल्हापूर अशा दोन गाद्या झाल्या आणि १७३१ मध्ये वारणेचा तह होईपर्यंत तो वाद धुमसत राहिला. दोन सर्व्हरांमधला संवाद तुटला की अगदी असेच होते. प्रत्येकाला वाटते, दुसरा मेला. आता मीच धनी. दोघेही हुकूम सोडू लागतात, दोघेही वहीत नोंदी करू लागतात, आणि मग कोणाची वही खरी मानायची? यावर तोडगा म्हणून समूहात सभासदांची संख्या विषम ठेवतात आणि ज्याच्या बाजूला बहुमत तोच धनी, असा दंडक घालतात. शिवाय नवा धनी गादीवर बसण्यापूर्वी जुन्याची वीज खरोखरच तोडतात. कारण तो मेला असेल या अंदाजावर राज्य चालत नाही.

तरीही सावधगिरी संपत नाही, हे गिटहब या प्रसिद्ध संस्थेच्या अनुभवावरून दिसले. २१ ऑक्टोबर २०१८ रोजी जाळ्यातले एक बिघडू लागलेले उपकरण बदलताना अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील मुख्य केंद्राचा संपर्क अवघे ४३ सेकंद तुटला. बहुमताचा नियम पाळूनच यंत्रणेने पश्चिम किनाऱ्यावरील डेटाबेसला धनी केले. परंतु पूर्वेकडे काही सेकंदांच्या अशा नोंदी राहून गेल्या होत्या, ज्या पश्चिमेला पोहोचल्याच नव्हत्या, आणि पश्चिमेने तोवर नव्या नोंदी सुरूही केल्या होत्या. दोन वह्यांचा मेळ घालून सारे पूर्ववत होईपर्यंत २४ तास ११ मिनिटे लागली. ४३ सेकंदांची दुही, चोवीस तासांचा तह! त्या संस्थेने घाईने सेवा सुरू करण्यापेक्षा लोकांची माहिती न गमावणे श्रेष्ठ मानले आणि काय चुकले ते तपशीलवार प्रसिद्ध केले, हे तिला भूषणावह आहे.

लहानसहान ठिकाणी हेच दुखणे किती क्षुल्लक कारणाने जडते पाहा. समूहाचा सामायिक पत्ता कोणाकडे आहे, हे दर सेकंदाला धनी पुकारून सांगतो. तीन सेकंदांहून किंचित अधिक काळ हाक आली नाही की राखीव यंत्र गादी घेते. सुरक्षेच्या नावाखाली कोणी तरी अग्निभिंतीचा एक नवा नियम घातला आणि त्यात ही हाकच अडली, की झाले दोन धनी! किंवा चाळीत पोस्टमनने नाव पुकारावे आणि ज्याने गप्प बसायचे त्यानेच ‘मी इथे आहे’ म्हणून पत्र घ्यावे, तसे मागच्या रांगेतला एखादा सर्व्हर सामायिक पत्त्याच्या हाकेला स्वतःच उत्तर देतो. मग मुकादमाला वगळून सारे काम त्या एकाच्या अंगावर कोसळते. कारण शोधायला दोन दिवस लागतात आणि दुरुस्ती दोन ओळींची असते.

म्हणूनच बिघाडाचा माग काढण्याची शिस्त हवी. प्रथम मुकादमाला वगळून प्रत्येक सर्व्हरला थेट काम सांगून पाहावे. म्हणजे दोष वाटणाऱ्याचा की करणाऱ्याचा, हे तत्काळ कळते. मग प्रत्येक यंत्राला स्वतंत्रपणे ‘धनी कोण?’ असे विचारावे, आणि उत्तरे जुळतात का ते पाहावे. सर्व घड्याळे एक वेळ दाखवतात ना, याची खात्री करावी. नाही तर नोंदवह्यांतून आधी काय झाले आणि नंतर काय, हे कधीच उमगत नाही. शेवटचा बदल कोणी, केव्हा, कशात केला ते शोधावे. आणि सारे बंद करून पुन्हा चालू करण्याचा जो सार्वत्रिक मोह आहे, त्याला बळी पडण्यापूर्वी निदान नोंदी तरी जपून ठेवाव्यात. पुरावा धुऊन टाकून केलेली दुरुस्ती ही पुढच्या बिघाडाला दिलेले आमंत्रण असते.

यावर कोणी म्हणेल की, हे सारे यंत्रेच यंत्रांसाठी करतील. माणसांची यातायात कशाला? २० ऑक्टोबर २०२५ रोजी ॲमेझॉनच्या संगणकसेवेत अमेरिकेतल्या व्हर्जिनियाकडील विभागात काय झाले, ते अशांनी पाहावे. पत्त्यांची यादी सांभाळणारे दोन स्वयंचलित कारभारी एकाच वेळी कामाला लागले. एकाने जुनी यादी नव्यावर चढवली, दुसऱ्याने जुनी म्हणून ती पुसली, आणि एका अत्यंत महत्त्वाच्या डेटाबेस-सेवेचा पत्ताच कोरा झाला. ती यादी अखेर माणसांना हाताने दुरुस्त करावी लागली. नंतर कित्येक तास तिथले भारवाटपही चांगल्या यंत्रांना आजारी ठरवून आत-बाहेर करत राहिले. जगातल्या धनाढ्य कंपनीची ही स्थिती, तर आपल्याकडे ज्या कचेरीत हे काम कंत्राटावर आलेल्या एका तरुणावर सोपवून अधिकारी निर्धास्त झालेले असतात, तिथली गत काय वर्णावी?

तेव्हा प्रश्न यंत्रांचा नसून सवयीचा आणि उत्तरदायित्वाचा आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. शेअर बाजाराच्या त्या घटनेनंतर ‘सेबी’ने मार्च २०२१ मध्ये दंडक घातला की, महत्त्वाची यंत्रणा कोलमडली तर ३० मिनिटांच्या आत आपत्ती जाहीर करावी आणि तेथून ४५ मिनिटांत कारभार पर्यायी स्थळावरून सुरू करावा. नुसता नियम करून हे थांबले नाही. २ मार्च २०२४ या शनिवारी बाजार मुद्दाम उघडला गेला; पहिले सत्र मुख्य स्थळावरून आणि दुसरे पर्यायी स्थळावरून, खऱ्या पैशांच्या खऱ्या व्यवहारांनिशी पार पडले. भाकरी फिरवणे म्हणतात ते हे! पडलेल्या ठेचेतून शिकल्याबद्दल आम्ही संबंधितांचे अभिनंदन करतो.

पण जे शेअर बाजाराला लागू, ते रुग्णांच्या नोंदी ठेवणाऱ्या इस्पितळाला, दहावीच्या निकालाची वाट पाहणाऱ्या लक्षावधी मुलांना आणि सातबाऱ्याच्या उताऱ्यासाठी गावाहून तालुक्याला खेटे घालणाऱ्या शेतकऱ्याला का लागू नसावे? महाराष्ट्राच्या २००६ सालच्या आग प्रतिबंधक कायद्याने इमारतीतली आग विझवण्याची साधने चालू स्थितीत असल्याचा दाखला वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, देणे बंधनकारक केले आहे. पंप भिंतीला लावलेला आहे एवढ्यावर कायदा समाधान मानत नाही. तो चालतो का, हे विचारतो. हाच न्याय सार्वजनिक संगणकयंत्रणांना लावा, अशी आमची राज्य शासनाकडे आणि महापालिकांकडे मागणी आहे. वर्षातून किमान दोनदा, भर कामाच्या वेळी नसले तरी खऱ्या कामाच्या भाराखाली, मुख्य यंत्र मुद्दाम बंद करून कारभार राखीव यंत्रावर न्यावा. मोठा बिघाड झाला तर त्याचे कारण महिन्याच्या आत सोप्या मराठीत लोकांपुढे ठेवावे. आणि आपत्तीच्या वेळी निर्णय घेण्याचा अधिकार, वरच्या सहीची वाट न पाहता, यंत्रापाशी बसलेल्या जाणत्या माणसाला असावा.

यात खर्च आहे, गैरसोय आहे, आणि एखादे वेळी चाचणीतच यंत्रणा कोसळून फजितीही होईल, हे आम्ही जाणतो. पण ती फजिती ठरवलेल्या वेळी, माणसे जागेवर असताना होईल. तिच्या भीतीने चाचणी टाळणारा अधिकारी ती फजिती निकालाच्या दिवसापर्यंत पुढे ढकलत असतो, इतकेच. तोपर्यंत वाचकांनीही एक करावे. ‘सर्व्हर डाउन आहे, उद्या या’ असे खिडकीतून ऐकू आले की मुकाट्याने माघारी फिरू नये. तुमचा दुसरा सर्व्हर कुठे आहे आणि तो शेवटचा केव्हा चालवून पाहिला, एवढे दोन प्रश्न शांतपणे विचारावेत. उत्तर देता आले नाही, तर घोडा का अडला हे विचारणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला, दोघांनाही कळून चुकेल.